‘नको’ची खूण: सोलापुरातल्या एका जनुकीय संशोधनाचं प्रकरण

हे प्रकरण मी नैतिकता समित्यांवर नव्याने येणाऱ्या सदस्यांसाठी लिहून काढलं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. समाजाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ते का, हे पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर सोलापुरातल्या एका संस्थेच्या नैतिकता समितीवर ‘सामान्य सदस्य’ म्हणून आले. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा समितीत सात ते पंधरा जण असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि डॉक्टरांच्या जोडीला कायद्याचा जाणकार, समाजाचा अभ्यासक आणि माझ्यासारखं एखादं साधं माणूस असतं. साध्या माणसाचं मुख्य काम म्हणजे संमतीपत्र वाचायचं आणि आपल्या गल्लीतल्या बाईला ते कळेल का, हे बैठकीत सांगायचं. या प्रकरणात ते काम मी नीट केलं नव्हतं. मंजुरीच्या कागदावर माझीही सही आहे.

अभ्यास कशाचा होता

जन्मजात बहिरेपणाचा. आपल्याकडे मामाची मुलगी करणं ही जुनी रीत. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू कुठल्याही घरात विचारा, नात्यातलं एक तरी लग्न निघतं. जन्मजात बहिरेपणाची बरीच कारणं अशा जनुकांमध्ये असतात, की आईबापांकडे बिघडलेली एकेकच प्रत असली तर त्यांना स्वतःला छान ऐकू येतं. पण मुलाला दोघांकडूनही तीच प्रत मिळाली तर ते बहिरं जन्मतं, आणि ही शक्यता प्रत्येक खेपेला चारात एक इतकी असते. नवराबायकोचे आजी-आजोबा एकच असले की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. या जनुकांतलं सर्वांत ओळखीचं जनुक म्हणजे जीजेबी-२. भारतात त्यातला ‘डब्ल्यू २४ एक्स’ नावाचा बदल सगळ्यांत जास्त सापडतो.

बेचाळीस कुटुंबं घेतली होती, बहुतेक शहराच्या पूर्व भागातली. आई, बाप आणि बहिरं मूल अशा तिघांचं रक्त बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जायचं आणि तिथे ‘एक्झोम’ तपासला जायचा. एक्झोम म्हणजे प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारा जनुकांचा भाग. सुमारे वीस हजार जनुकं त्यात येतात. गोम इथेच आहे. शोधायचं असतं एका आजाराचं कारण, पण त्यासाठी सगळी पोथी उघडावी लागते. आणि पोथी उघडी असली की दुसऱ्या पानावर कुणाची तरी नजर जाते.

पत्र

नमुने घेऊन तीन वर्षं झाल्यावर मुख्य संशोधकांचं समितीला पत्र आलं. प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने जुनी माहिती नव्या पद्धतीने पुन्हा तपासली होती. ‘सापडलं तर कळवावं’ अशा जनुकांची एक आंतरराष्ट्रीय यादी असते. २०१३ मध्ये पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्यात ५६ जनुकं होती, पुढे ती वाढत गेली. त्याने ती यादीही चालवून पाहिली. एका आईच्या नमुन्यात बीआरसीए-१ जनुकात रोगकारक बदल निघाला.

पत्रात नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. समितीतल्या शल्यविशारद डॉक्टरांनी वाचल्याबरोबर चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी आम्हाला आकडे सांगितले. असा बदल असलेल्या बाईला ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरून काढलेले आहेत, तरी ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. अंडाशयाचा कर्करोग लवकर ओळखण्याची खात्रीची तपासणी नाही. म्हणून मुलं झाल्यावर, पस्तीस ते चाळिशीच्या दरम्यान, अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला देतात. ही आई ३४ वर्षांची होती.

“आज सांगा,” डॉक्टर म्हणाले.

वकिलांनी फाइल पुढे केली. संमतीपत्रात एक प्रश्न होता: ‘मूळ अभ्यासाव्यतिरिक्त आनुषंगिक निष्कर्ष आढळल्यास कळविण्यात यावेत काय?’ समोर दोन चौकटी. त्या आईच्या कागदावर ‘नको’वर खूण होती. न जाणण्याचा हक्क हाही हक्कच आहे, असं वकिलांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. मानवी जनुकसंचयाविषयीच्या युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यातही, तपासणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं मान्य केलेलं आहे.

मी उरलेली एकेचाळीस संमतीपत्रं मागवली.

बेचाळीस खुणा

सगळ्यांवर ‘नको’. एकच निळी शाई. खुणेचं शेपूट सगळीकडे उजवीकडे सारखंच वर गेलेलं. तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, की उत्तर मुलाचं आहे की शेजाऱ्याचं.

नमुने गोळा करणारी मुलगी पूर्व भागातलीच, विडी कामगाराची लेक, समाजकार्याची पदवी घेतलेली. तिला बोलावलं तेव्हा ती घाबरली होती. मी तिला आधी चहा दिला आणि एवढंच विचारलं, “बाळ, हा प्रश्न तू त्यांना कसा विचारायचीस?” तिने खरं सांगितलं. आधी विचारायची. बायका म्हणायच्या, “ताई, ते काय असतं?” आनुषंगिक निष्कर्ष म्हणजे काय, हे तिलाही धड कुणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणात मात्र एवढं सांगितलं होतं, की ‘हो’ लिहिलं तर पुढे समुपदेशन द्यावं लागेल आणि त्याची प्रकल्पात तरतूद नाही. मग ती स्वतःच ‘नको’ करायला लागली. घरी बायका विडी वळत बसलेल्या असायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणून हात थांबायचे नाहीत. ही वाचून दाखवायची आणि त्या वळता वळता मान हलवायच्या. सहीपुरता हात पदराला पुसायच्या. काही कागदांवर तंबाखूचं पिवळं बोट उमटलेलं मी पाहिलं आहे.

दोष त्या मुलीचा मला वाटला नाही. ‘आनुषंगिक निष्कर्ष’ हे शब्द आम्ही मंजूर केले होते. समुपदेशनाला पैसा नाही हे अंदाजपत्रकात दिसत होतं आणि आम्ही ते पान उलटून पुढे गेलो होतो. आयसीएमआरच्या सूचनांत जनुकीय संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, समुपदेशनावर त्यात भर आहे, आणि संमतीची माहिती सहभागी माणसाला समजणाऱ्या भाषेत असावी असंही सूचनांमध्ये स्पष्ट आहे. मराठीत लिहिलं म्हणजे समजणाऱ्या भाषेत झालं, असं मी मराठीची शिक्षिका असून धरून चालले.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक ओळ सापडली. आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलांचं रक्त घ्यायचं तर आईबापांच्या संमतीखेरीज मुलाची तोंडी अनुमती लागते. छापील ओळ होती, ‘मुलाची/मुलीची तोंडी अनुमती घेतली’. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या, खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीच्या कागदावर त्या ओळीपुढे खूण होती. त्या दिवशी बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुन्हा विचारायचं कसं

‘नको’ खरं नव्हतं हे आता सगळ्यांना मान्य होतं. पण ते ‘हो’ होतं असंही म्हणता येत नव्हतं. आणि एकट्या तिलाच बोलावून “काही सापडलं तर सांगू का?” असं विचारणं म्हणजे सांगून टाकल्यासारखंच झालं असतं. कोण बाई एवढी भोळी असते?

दोन बैठकींनंतर रस्ता निघाला. बेचाळीसच्या बेचाळीस कुटुंबांना पुन्हा विचारायचं. विचारणाऱ्या समुपदेशक बाई पुण्याहून येणार, आणि कुणाचं काय निघालं आहे हे त्यांनाही माहीत नसणार. क्रमांक आणि नावाची जोडी फक्त मुख्य संशोधकांकडे राहणार. जागा बहिऱ्या मुलांच्या शाळेतली, पालकसभेचा दिवस. विडीची त्या दिवसाची बुडालेली मजुरी द्यायची. यावरही वाद झाला. पैसे दिले तर आमिष होईल, असं एकाचं म्हणणं पडलं. मला ते पटलं नाही. बाई तिच्या पोटाचा दिवस मोडून आमची चूक दुरुस्त करायला येते, तिची हजारी बुडवायची कुठल्या नैतिकतेने?

शल्यविशारद डॉक्टर या सगळ्याच्या विरोधात होते. नऊ आठवडे गेले, आणि प्रत्येक बैठकीला ते तारीख विचारत. त्यांची घाई चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तसंही संशोधनातला निकाल थेट रुग्णाच्या हातात देता येत नाही. ताजं रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो पुन्हा तपासावा लागतो, आणि त्यासाठी बाईशी बोलणं भागच होतं.

प्रश्न मी नव्याने लिहिला. ‘तुमच्या रक्तात बहिरेपणाचं कारण शोधताना दुसऱ्या एखाद्या मोठ्या आजाराचा धोका दिसू शकतो. तो आजार आज झालेला असेल असं नाही. दिसला तर तुम्हाला सांगू का? सांगितलं तर तुमच्या बहिणी, भाऊ, मुलं यांनाही तो धोका असू शकतो, हेही तुम्हाला कळेल.’ शेवटचं वाक्य काढा, लोक घाबरतील, असं सुचवलं गेलं. मी ते काढलं नाही.

सदतीस कुटुंबं आली. तेहतीस जणींनी ‘हो’ म्हटलं, चौघींनी ‘नको’. त्या चार ‘नको’ना मी आजही मान देते, कारण ते त्यांचे स्वतःचे होते. एकीने समुपदेशक बाईंना सरळ विचारलं, “दोन पोरी लग्नाच्या आहेत, कळून काय करू?”

“बार्शीला नेलं होतं”

ज्या आईचा तो नमुना होता, तिने ‘हो’ म्हटलं होतं. ताज्या रक्ताचा निकाल तोच आला. सांगताना तिच्या परवानगीने समितीतर्फे मीही खोलीत होते.

समुपदेशक बाई हळूहळू सांगत होत्या. ती ऐकत होती, आणि हातात विडी नसतानाही तिचा अंगठा बोटावर फिरत होता. मध्येच म्हणाली, “म्हणजे थोरल्या आत्याला झालं तेच का? पोट फुगलं होतं. बार्शीला नेलं होतं.”

सोलापूर जिल्ह्यात ‘बार्शीला नेलं’ म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. कर्करोगाचं रुग्णालय तिथे, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. वीस हजार जनुकं वाचून यंत्राने जे सांगितलं, त्याचा धागा ती एका वाक्यात सांगून गेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिने विचारलं, “आमच्या आत्याला सांगायचं का?”

आम्हाला वाटलं, ती गेलेल्या आत्याबद्दलच बोलते आहे. ती सासूबद्दल विचारत होती. तिचं लग्न आतेभावाशी झालेलं, त्यामुळे धाकटी आत्या हीच सासू. बदल वडिलांकडून आला असेल, आणि थोरल्या आत्याच्या आजारामुळे तसं दिसत होतं, तर सासूकडेही तो असू शकतो, नणंदांकडेही. नवऱ्याच्या नमुन्यात तो नव्हता, पण त्याने सासूची सुटका होत नाही. पुस्तकात ‘रुग्ण’ आणि ‘नातेवाईक’ असे दोन रकाने असतात. या घरात सासर आणि माहेर एकाच आजोबांच्या अंगणातलं. तिने काही सांगितलं तर दोन्हीकडे एकदमच सांगितलं जाणार होतं.

तिच्या तीन बहिणी. थोरली शहरातच, तिसरी कलबुर्गीला दिलेली, आणि धाकटी चोवीस वर्षांची, जिचं लग्न ठरलेलं. प्रत्येकीला हा बदल असण्याची शक्यता निम्मी. ती शांतपणे म्हणाली, “गड्डा होऊ द्या मॅडम. माघात हळद आहे. त्याच्या आधी काय बोलायचं नाही.” गड्डा म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची जत्रा.

समितीत यावर सर्वांत तीव्र चर्चा झाली. बहिणींना धोका आहे हे आपल्याला माहीत असताना गप्प बसायचं का? डॉक्टरांनी थेट कळवावं का? शेवटी ठरलं, की कळवायचं नाही. गुप्तता मोडण्याइतका धोका उद्यावर येऊन ठेपलेला नव्हता, चार महिन्यांनी कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि जोर करून सांगितलं तर ती पुन्हा आमच्याकडे आली नसती. मला हा निर्णय पटला, तरी एक गोष्ट आजही बोचते. धाकटीला लग्नाआधी कळलं असतं तर तिने काय ठरवलं असतं, हे तिच्या वतीने तिच्या बहिणीने आणि आम्ही ठरवून टाकलं.

अमेरिकेत जनुकीय माहितीवरून विमा आणि नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा २००८ पासून आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही. पण खरं सांगायचं तर आमच्या खोलीत विम्याचा विषय कुणी काढलाच नाही. तिथे भीती स्थळ मोडण्याची होती, आणि त्यावर कुठला कायदा धावून येणार?

नातेवाइकांसाठी एक पत्र देण्याची पद्धत आहे. आमच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यावर मोठ्या अक्षरांत ‘आनुवंशिक कर्करोग’ असं छापलेलं होतं. असं पत्र कलबुर्गीच्या सासरी गेलं असतं तर सुनेच्या आधी दिराने वाचलं असतं. या बाईने ते वाचून परत दिलं. नंतर तिला एक साधी चिठ्ठी दिली, दोन ओळींची: ‘घरातल्या आजारपणाबद्दल बोलायचं असल्यास या दिवशी या वेळेत या.’

समाजाचं नाव

संशोधकांच्या लेखाच्या मसुद्यात शीर्षकातच समाजाचं नाव होतं. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ गट पाहिले होते. त्यांतल्या ८१ गटांत, थोड्या पूर्वजांपासून वाढून आतल्या आत लग्नं होत राहिल्याची खूण, तिच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. अशा गटांत ठरावीक आजार जास्त दिसतात, आणि नाव माहीत असलं तर जीव वाचतो. वैश्य समाजातल्या काहींना भुलीच्या एका औषधाचा असर लवकर उतरत नाही, हे भूलतज्ज्ञांना माहीत आहे, म्हणून ते आधी विचारतात.

पण दुसरी बाजू अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी लोकांनी भोगली आहे. १९९० पासून त्यांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतलं गेलं. पुढे ते स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर यांच्या अभ्यासाला वापरलं, आणि हे त्यांच्यातल्या एका स्त्रीला २००३ मध्ये त्या संशोधकांच्या विद्यापीठातल्या एका व्याख्यानात बसल्यावर कळलं. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले.

समाजाच्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर त्यांच्यातही दोन मतं. एक म्हणाले, नाव छापा, निदान सरकारचं लक्ष जाईल. दुसरे म्हणाले, आमच्या पोरींची स्थळं जातील. बहिऱ्या मुलांच्या शाळेतले एक शिक्षक स्वतः बहिरे आहेत. त्यांनी लिहून दिलं, ‘बहिरेपणाला दोष म्हणू नका, एवढं तरी बदला.’ ते बदललं. त्या लेखातून समाजाचं नावही काढलं, आणि शहराचंही.

नुसतं नाव पुसून माणूस लपत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निनावी जनुकीय माहितीवरून, वंशावळींच्या सार्वजनिक संकेतस्थळांच्या मदतीने, सुमारे पन्नास जणांची ओळख पटवून दाखवली. म्हणून ही माहिती खुली न ठेवता अर्ज करणाऱ्याला तपासूनच द्यायची, अशी अट घातली.

आज

बाई बार्शीच्या फेऱ्या करते आहे, शस्त्रक्रियेचं अजून ठरलेलं नाही. धाकटीचं लग्न झालं. त्यानंतर तिने थोरलीला स्वतः सांगितलं आणि तिला घेऊन आली. धाकटीही आली, नवऱ्याला न सांगता. कलबुर्गीची आलेली नाही. सासू म्हणाली, “माझं आता काय राहिलंय? पोरींचं बघा.” नणंदांबद्दल मात्र ती काही बोलत नाही.

त्या आठ वर्षांच्या मुलीचा, म्हणजे या बाईच्याच मुलीचा नमुनाही प्रयोगशाळेत आहे. आईचा बदल तिच्यात आहे की नाही, याचं उत्तर त्यात आहे. मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी लहान मुलाला तपासू नये, या नियमाप्रमाणे ते आम्ही पाहू दिलेलं नाही. ती आता अकरा वर्षांची आहे. आम्ही फाइलमध्ये लिहून ठेवलं आहे, की ती अठरा वर्षांची झाली की तिला विचारायचं, आणि खुणांच्या भाषेत विचारायचं. प्रकल्प दोन वर्षांत संपतो. त्यानंतर ती फाइल कुणाकडे राहणार आणि त्या मुलीला शोधत कोण जाणार, हे मी गेल्या तीन बैठकींत विचारलं आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय चौथा आहे.